आषाढातला ढग आणि एकटा माणूस: तुम्ही मागे कुठून फिरता?

पायरीचा_दगड

गेले तीन शनिवार एकटाच डोंगरात गेलो आणि तिन्ही वेळा काही म्हणजे काही दिसलं नाही. आधी तोरणा, मग रोहिडा, परवा विसापूर. धो धो कोसळत असता तर घरीच बसलो असतो, पण हा पाऊस तसला नाही. सकाळी सहाला जो चिकटतो तो अंधार पडेपर्यंत सोडत नाही, आणि ढग इतका खाली की दहा पावलांपुढची वाट आपण फक्त आठवणीवर चालायची.

पूर्वी आमचा सात जणांचा कंपू होता. दोघांचे गुडघे गेले, दोघे परदेशी, एकाच्या मुलीचा शनिवारी कथकचा क्लास, आणि एक जण आता ग्रुपवर ‘पुढच्या वेळी नक्की’ लिहिण्यापुरता उरलाय. सातवा मी. वय ४७.

बायको म्हणते, दिसत काही नाही तर जाता कशाला? मला धड उत्तर देता आलं नाही. तोरण्याला वेल्ह्यातून चढताना पहिल्याच टेपावर ढगातून कोणीतरी खोकलं. ‘कोण आहे?’ म्हणून हाक मारली. परत खोकला. दोन-तीन मिनिटं मी त्या खोकल्याशी अगदी अदबीने बोलत होतो. मग ढग जरा फाटला आणि म्हैस दिसली. आता यासाठी जातो असं घरी कसं सांगणार?

तर प्रश्न दोन. अशा सलग ओल्या हवेत एकटे जाणारे इथे कोणी आहेत का? आणि असाल तर मागे कधी फिरता? ‘धोका वाटला की’ हे उत्तर नको. मला धोका नेहमी घरी पोचल्यावर वाटतो.

चहाबाज

म्हशीने गोठ्यात जाऊन सांगितलं असेल, आज ढगात एक माणूस भेटला, सारखा ‘कोण आहे’ विचारत होता.

नियमित_वाचक

एकट्याने जाऊ नये. धागा संपला.

दोरखंड

संपला नाही, पण नियमित_वाचक यांच्या बाजूने थोडं बोलतो. मी गेली अकरा वर्षं शोधकार्याला जातो, फुकट, नोकरी सांभाळून. पावसाळ्यातला रविवार संध्याकाळचा फोन म्हणजे पोटात गोळा.

लोकांना वाटतं, एकटा माणूस पडला तर काय, हीच भीती. पडलेला माणूस सापडतो हो. कुठे शोधायचं हे माहीत नसतं तिथे आमचं कंबरडं मोडतं. एकदा घरच्यांनी सांगितलं होतं राजगड. आम्ही रात्रभर गुंजवण्याच्या बाजूने वर-खाली केलं. गडी संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या धारेला लागला होता, वाटेत मूड बदलला म्हणून. सकाळी स्वतःच चालत वेल्ह्यात आला आणि मिसळ खात बसला. आम्ही तीस माणसं चिंब, आणि याचं म्हणणं, ‘अहो, मला काहीच झालं नव्हतं!’

तेव्हा पायरीचा_दगड, मागे कधी फिरायचं ते नंतर. आधी कागद. चढायची वाट, उतरायची वाट, किती वाजता खाली येणार, किती वाजल्यावर काळजी करायची. एक प्रत घरी आणि एक पायथ्याला जिथे गाडी लावता त्या घरी. वर गेल्यावर मूड बदलला तरी वाट बदलायची नाही. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर घरच्यांच्या फोनमध्ये असू द्या, तुमच्या नको. तुमचा फोन भिजलेला असणार. आणि ११२ तर आहेच.

दुर्गवेडी

मी जाते एकटी. बहुतेक वेळा मधल्या वारी, रजा टाकून. बाईमाणूस म्हणून सांगते, ढगाची भीती मला फार कमी वाटते. रविवारी दुपारी लोहगडाच्या पायऱ्यांवर स्पीकर घेऊन उघडेबंब नाचणारे जे असतात, त्यांची वाटते. मंगळवारी त्याच पायऱ्यांवर पाऊस, मी आणि माकडं.

दोरखंड यांच्या कागदाला अनुमोदन. माझा कागद म्हणजे एक मावशी आहेत. त्यांच्या पडवीत गाडी लावते, जाताना किती वाजता येणार ते सांगते, आल्यावर चहा पिऊनच निघते. एकदा तासभर उशीर झाला तर त्या छत्री घेऊन निम्म्या चढापर्यंत आल्या होत्या. शिव्या आईने दिल्या नसतील इतक्या खाल्ल्या.

मागे फिरण्याचं माझं गणित ओढ्यावर आहे. जाताना ओढा गुडघ्याला लागला तर मी पलीकडे जातच नाही. कारण येताना तो तेवढाच असेल याची हमी नाही. वर धारेवर तासभर पडला की खाली रंग बदलतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला की लोंढा मागोमाग आलाच.

मावळचा_दादा

मंडळी, रागावू नका. आमच्या वाडीतला गुराखी जूनपासून दसऱ्यापर्यंत रोज एकटाच डोंगराला असतो. डोक्यावर घोंगड्याची खोळ, पायात सँडक, हातात काठी. त्याला कोणी सोलो ट्रेकर म्हणत नाही. पुण्याचा माणूस महिन्यातून एकदा जातो तर धागा निघतो.

पण दोन गोष्टी त्याच्याकडून घ्या. एक, तो कातळावरून कमी चालतो. कडेच्या गवतातून जातो. ओला कातळ काळा, तुकतुकीत दिसला की तिथे शेवाळ, पाय ठेवलात की गेलात. दुसरं, तो गडाच्या माथ्याला जातच नाही. त्याचं तिथे काही काम नसतं. तुमचं तरी काय असतं?

आणि लावणीच्या दिवसांत शेतातल्या माणसांना हाक मारून पुढे जात जा. ‘कुठनं आलात, कुठं चाललात’ विचारतील. चौकशा करतात म्हणून वैतागू नका. संध्याकाळी ‘तो निळ्या कोटवाला उतरला का रे’ हे तीच माणसं एकमेकांना विचारतात.

पायरीचा_दगड

दादा, ‘तुमचं तरी काय असतं’ हे बायकोला दाखवलं. ती आजपासून तुमची फॅन आहे.

टोलारखिंड

२००९ सालचा जुलै, तरणा पाऊस. खिरेश्वरातून एकटाच हरिश्चंद्रगडाला निघालो. टोलार खिंडीपर्यंत वाट पाठ होती. खिंडीच्या वरचा कातळ रेलिंगला धरून चढलो आणि पुढच्या पठारावर ढगात शिरलो. ज्यांनी ती वाट केलीय त्यांना माहीत आहे, तिथे सात-आठ सारख्याच टेकाडांवरून वर-खाली करत देवळाकडे जायचं. उघाड असताना गंमत आहे. ढगात सगळी टेकाडं जुळी भावंडं.

पाऊण तास चालल्यावर कारवीच्या झुडपात अडकलेली एक पाण्याची बाटली दिसली. निळं झाकण, लेबल अर्धं फाटलेलं. म्हटलं, लोक किती घाण करतात. अर्ध्या तासाने दुसरी बाटली. निळं झाकण, लेबल अर्धं फाटलेलं. तेव्हाही मला कळलं नाही, सांगायला लाज वाटते. तिसऱ्यांदा दिसली तेव्हा मटकन खाली बसलो.

मग चूक केली. बसून राहायचं सोडून ‘आता उताराने गेलो तर कुठेतरी पोचेनच’ म्हणून निघालो. दहा मिनिटांनी जाणवलं की पाऊस हनुवटीला लागतोय. खालून. चष्म्याच्या काचा आतल्या बाजूने भिजत होत्या. पायाखाली गवत, पुढे पांढरं, आणि पाऊस खालून वर. समोर कडा आहे हे डोळ्यांनी मला शेवटपर्यंत दिसलं नाही. तो कोकणकडा होता की त्याचा कुठला शेजारी, आजही माहीत नाही. चार पायांवर उलटा मागे सरकलो.

त्या दिवसापासून माझा नियम: पाऊस खालून लागला की तिथेच थांबायचं आणि आल्या पावली मागे. वाट चुकली हे कळलं की चालणं बंद. खायचं, अंगात कोरडं घालायचं, ढग हलायची वाट बघायची. तो हलतो, अगदी दोन मिनिटांसाठी का होईना.

निवांत_नंदू

टोलारखिंड, वाचून अंगावर काटा आला. मग खाली कसे आलात?

टोलारखिंड

कुत्रा. देवळाजवळच्या झोपड्यांपैकी कुणाचा तरी. ढगातून आला, माझ्याकडे बघून जांभई दिली आणि चालू लागला. मी मागे. वीस मिनिटांत भज्यांचा वास आला.

चहाबाज

मूलभूत प्रश्न. कुत्रा बरोबर असेल तर ‘एकट्याने गेलो’ म्हणता येतं का?

दुर्गवेडी

येतं. कुत्रा डबा वाटून घेतो पण फोटो काढायला सांगत नाही.

नियमित_वाचक

मावळात एकदा कुत्रा सोबत आला आणि उतरताना दुसऱ्याच ग्रुपबरोबर निघून गेला. एवढा एकटा मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो.

चहाबाज

म्हणजे आपणही जाता तर! ‘धागा संपला’ वाले!

ओलीसुकी

जरा तांत्रिक. कोणी जीन्सबद्दल बोललंच नाही म्हणून बोलते. जुलैत तेराशे-चौदाशे मीटरवर हवा अठरा-वीस अंशाची असते, त्यात थंडीने गारठायला होईल हे कोणाला पटत नाही. पण सुती कपडा भिजला की वाळत नाही, वर वारा, आणि तुम्ही वाट चुकून बसलेले. चालताना ऊब असते, थांबलात की दात वाजतात. बोटांना झिपची कडी धरता येईना, माणूस फालतू गोष्टीवर चिडू लागला, बोलताना अडखळला, की समजा शरीर थंड पडतंय. बरोबर कोणी असेल तर ते ओळखतं. एकटे असाल तर तुमचं तुम्हाला कळत नाही, गोम तिथे आहे. म्हणून मी ‘वाटलं तर’ असं ठेवतच नाही, थांबले की लगेच कोरडी लोकर घालते. आजीने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला. पोंचोपेक्षा त्याच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

फोनचंही सांगते. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, नकाशा घरून उतरवून ठेवा. पण पावसात पडद्याला तुमचं बोट कुठलं आणि थेंब कुठला कळत नाही. विसापुरावर माझ्या फोनने आपणहून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला होता. नकाशा बघायचा तर पोंचोच्या आत डोकं घालून, कोरड्या रुमालाने पुसून.

मावळचा_दादा

सासूबाईंना काय दिसलं?

ओलीसुकी

पांढरं. मी ऑफिसमध्येच आहे आणि एसी बिघडलाय असं सांगितलं.

ग्लासगोची_गौरी

उशिरा आले. इथे स्कॉटलंडात मी नऊ वर्षं एकटी डोंगर करतेय आणि इकडे ‘सलग ओली, ढगाळ हवा’ म्हणजे नुसती हवा. आपल्याकडे तो चार महिन्यांचा पाहुणा, इथे घरजावई.

एक गंमत आधी. बेन नेव्हिस हा अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. आपला तोरणा १४०३. हे मी इथल्या चालणाऱ्यांना दर वेळी ऐकवते. अर्थात वेल्ह्याला आपण बरेच वर असतो, इथे चढ जवळजवळ समुद्रापासून सुरू होतो, आणि जुलैतही माथ्यावर पाच-सहा अंश.

पण सांगायचं ते वेगळंच. बेन नेव्हिसच्या माथ्यावर ढग असला की उतरताना लोक सरळ कड्यावरून जातात, कारण वाट दोन घळींच्या मधून आहे. म्हणून नकाशावर मोजलेली दोन दिशांची आणि अंतरांची जोडी इथे शिकवतात: माथ्यावरच्या खांबापासून २३१ अंशावर १५० मीटर, मग २८२ अंशावर पुढे. नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक त्यात धरायचा. वर जाऊन डोकं चालवायचंच नाही, खालीच कोरड्या हातांनी लिहून न्यायचं. पावलं मोजत जायचं. माझी १५० मीटरला सपाटीवर साधारण दोनशे भरतात, तुमची तुम्ही मोजा. टोलारखिंड यांच्या पठारावर कोणी उघाडीत जाऊन अशा दिशा मोजून आणल्या तर किती बरं.

वेळेचा नियम १८९२ सालचा, नेस्मिथ नावाच्या गृहस्थांचा: तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. मी त्यावर निम्मा वेळ जास्त धरते. त्या हिशेबापेक्षा मागे पडले की फिरते, हवा कशीही असो. पायरीचा_दगड, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर घड्याळ. घड्याळाला धोका वाटत नाही आणि माथ्याचा मोहही होत नाही.

टोलारखिंड

गौरीताई, दिशांची कल्पना झकास. पण आपला बेसाल्ट लोहयुक्त. होकायंत्र कातळावर टेकवलं की काही ठिकाणी सुई भलतीकडे जाते. हातात छातीशी धरून, दोन-तीन जागी बघून मगच विश्वास ठेवावा.

ग्लासगोची_गौरी

अगदी! इथे स्काय बेटावरच्या कुलिन रांगेत तेच रडगाणं.

आणखी थोडं अवांतर. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ वेधशाळा होती. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण तिथे दोन आठवडे राहिला. खालच्या ढगावर स्वतःच्या सावलीभोवती पडलेली रंगीत कडी त्याने पाहिली, आणि तसा ढग प्रयोगशाळेत करून बघावा म्हणून खटपट केली. त्यातून क्लाउड चेंबर, म्हणजे अदृश्य कणांचा माग दाखवणारं यंत्र झालं, १९२७ चं नोबेल मिळालं. ती कडी म्हणजेच आपलं इंद्रवज्र.

दुर्गवेडी

काय सांगतेस! कोकणकड्यावरच्या इंद्रवज्राची नोंद कर्नल साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ मध्ये केली म्हणतात, तेवढंच मला माहीत होतं. आपल्याला ते सकाळीच दिसणार ना? कडा पश्चिमेला, म्हणजे ऊन पाठीमागून हवं आणि ढग कोकणात खाली.

ग्लासगोची_गौरी

हो. आणि पाच जण शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला कडं स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं.

चहाबाज

म्हणजे फेसबुक.

निवांत_नंदू

मी या सगळ्याच्या उलट टोकाला. पाऊस आवडतो, डोंगर आवडतो, मरण आवडत नाही. मी ढगाची पूर्वेकडची कड शोधतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. घाटमाथ्यावर ढग रिकामा होतो आणि पुढे नुसती हवा मारत येतो. तेव्हा पाऊस चिकटलेला असला की मी पांडवगडाकडे वळतो. भुरभुर, ऊन, सावली, गवत. जळवाही नाहीत.

नियमित_वाचक

आणि आधी बंदीचा आदेश बघावा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही गड आणि धबधबे बंद करतात, पूर्वी त्याला कलम १४४ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. २०२४ च्या ३० जूनला भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हापासून तर फार कडक झालंय. ‘एकटा जातोय, माझा जीव’ हे वनखात्याच्या माणसाला ऐकवू नये. त्याचीही नोकरी असते.

दोरखंड

याला मात्र नियमित_वाचक यांना चहा माझ्याकडून.

पायरीचा_दगड

सगळ्यांचे आभार. परवाच्या शनिवारी गेलो होतो, त्याचा वृत्तान्त.

राजगड, गुंजवण्यातून. कागद लिहिला: चढ चोर दरवाजाने, उतार त्याच वाटेने, अकराला पद्मावती माची, नाहीतर असू तिथून माघारी. दोनला खाली. एक प्रत फ्रिजवर, एक जिथे गाडी लावली त्या घरातल्या आजोबांकडे. त्यांनी ती वाचली, घडी घातली, टोपीत ठेवली आणि म्हणाले, ‘पावती का?’

गावाबाहेर खाचरात लावणी चालली होती. हाक मारली. ‘एकलेच?’ ‘हो.’ त्यावर एक बाई काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. ऐकू आलं नाही, बहुतेक बरंच झालं.

झाडीपर्यंत ठीक. मग ढग. मावळच्या दादांचं ऐकून कातळ टाळत गवतातून गेलो, दोनदा घसरलो पण गवतावर. वरच्या उभ्या टप्प्याला पोचलो तेव्हा पावणेअकरा. रेलिंग सुरू होतं तिथे उभा राहिलो. खोबणींमधून पाणी उतरत होतं, पायरीवरून पायरीवर, दुधी चहाच्या रंगाचं. हात लावून बघितला तर रेलिंगची नळी आतून गुणगुणत होती, वाऱ्याने. वर दरवाजा असणार, तीस-चाळीस मीटरवर फार तर. दिसत नव्हता.

पंधरा मिनिटं शिल्लक होती. वर जाता आलं असतं, उतरता आलं असतं की नाही ते सांगता येत नाही. गौरीताईंच्या घड्याळाप्रमाणे चढायला हरकत नव्हती, दुर्गवेडींच्या गढूळ पाण्याप्रमाणे होती. उभ्यानेच पोळीचा लाडू खाल्ला आणि उतरलो. पाऊस चारही बाजूंनी होता पण खालून नव्हता, एवढं टोलारखिंड यांच्यासाठी तपासलं.

साडेबाराला खाली. आजोबांनी टोपीतून कागद काढून परत दिला. अर्धा भिजलेला. म्हणाले, ‘गड कुठं पळतोय?’ मग पिठलं, तांदळाची भाकरी, आणि चुलीपुढे मोजे वाळत घातले. बायकोला फोन केला. ‘काय दिसलं?’ म्हणाली. म्हटलं, पाणी उतरताना दिसलं. ती ‘बरं’ म्हणाली, पण नेहमीच्या सुरात नव्हे.

दोरखंड

पावती फ्रेम करून लावा.

दुर्गवेडी

माथ्यापासून चाळीस मीटरवरून मागे? दंडवत घ्या. मला नसतं जमलं, खोटं कशाला बोलू.

निवांत_नंदू

फोटो टाका की.

पायरीचा_दगड

एकच आहे. पूर्ण पांढरा. उजव्या कोपऱ्यात शेपूट आहे, ते झाडीपासून बरोबर होतं त्याचं.

चहाबाज

म्हणजे दोघे गेला होतात. धाग्याचं शीर्षक बदला.